शिक्षणासाठी निधी : मुठीपासून कायम ठेवीपर्यंत

(कुपवाड येथे विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मी काही नावाजलेला वक्ता नाही. उभी नोकरी एका कॉलेजच्या ऑफिसात, फी घ्यायच्या खिडकीआड झाली. त्यामुळे आज वर्धापनदिनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी संयोजकांना म्हटलं, तत्त्वज्ञानावर बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत, मला पैशावर बोलू द्या. पैसा म्हटला की सभेत जरा चुळबुळ होते. पण शिक्षणाचे एवढे मोठे नाव आपण घेतो, तर ते शिक्षण कशावर चालते, त्याला पैसा कुठून येतो, तो कोणी आणि कसा जमवला, हेही कधीतरी उघडपणे बोलले पाहिजे.

तुम्ही म्हणाल, आता शिष्यवृत्ती आहे, फी माफी आहे, वसतिगृहे आहेत. मग निधीची गरज काय? प्रश्न रास्त आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. त्या शिष्यवृत्तीने किती घरे उभी राहिली याची साक्ष या सभेतच बसलेली आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी महाराष्ट्र सरकारने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. हा आपला हक्क आहे आणि तो पुरेपूर घेतलाच पाहिजे. त्यात एक रुपया सोडायचा नाही.

पण खिडकीआड बसून मी एक गोष्ट वर्षानुवर्षे पाहिली. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण खात्यावर पडते ती कधी परीक्षा झाल्यावर, कधी पुढच्या वर्षी. मेसवाला मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे मागतो. खोलीमालक डिपॉझिट आधी मागतो. परीक्षेच्या फॉर्मची तारीख कोणासाठी थांबत नाही. एसटीचा पास संपला की पोरगं आठ दिवस घरी बसतं, आठाचे पंधरा होतात, आणि मग हजेरीपटावर त्याचे नाव तेवढे राहते. बंधूंनो, पोरं मोठ्या रकमेपायी शिक्षण सोडत नाहीत. मोठी रक्कम लागणार म्हटली की घर हालतं, कर्ज काढतं, रान गहाण टाकतं. पोरं सुटतात ती लहान रकमेपायी. पाचशे, हजार, दोन हजार. आणि ती रक्कम मागायची कोणाकडे हे ठाऊक नसल्यामुळे.

ही जी मधली फट आहे, सरकारी मदत आणि रोजची गरज यांच्यामधली, ती समाजाने भरायची असते. आजचे माझे सगळे बोलणे या एका फटीविषयी आहे.

परदेशात हे कसे करतात

अमेरिकेत ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाचा प्रकार आहे. आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजसारखा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, फी कमी, गावातलीच मुले, नोकरी करून शिकणारी माणसे, मुलांच्या आया. १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट या गावी असे पहिले सरकारी कॉलेज निघाले. आज त्या देशात हजाराच्या आसपास अशी कॉलेजे आहेत. तिथे नर्सिंग शिकवतात, वेल्डिंग शिकवतात, मोटार दुरुस्ती शिकवतात, आणि पुढच्या पदवीचा पायाही घालून देतात.

त्यांनी एक युक्ती केली आहे. कॉलेज चालते सरकारी पैशावर आणि फीवर. पण कॉलेजच्या शेजारी एक वेगळा न्यास असतो. त्याला ते ‘फाउंडेशन’ म्हणतात. त्याची नोंदणी वेगळी, खाते वेगळे, विश्वस्त वेगळे. विश्वस्त कोण? गावातला बँकेचा मॅनेजर, डॉक्टर, दुकानदार, कारखानदार, जुने विद्यार्थी. काम एकच, देणग्या जमवायच्या आणि मुलांसाठी व अभ्यासक्रमांसाठी द्यायच्या.

ते पैसे कसे जमवतात ते ऐका. वर्षातून एकदा भोजनाचा कार्यक्रम, त्याची तिकिटे. कॉलेजचे शिक्षक आणि शिपाईसुद्धा दर महिन्याच्या पगारातून ठरावीक रक्कम कापून देतात. कोणी आईच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवतो. कोणी मृत्युपत्रात हिस्सा लिहून ठेवतो. गावातला कारखाना यंत्र देतो, कारण उद्या त्याच यंत्रावर काम करणारा माणूस त्यालाच हवा असतो. जमलेल्या पैशातला काही भाग कायम ठेव म्हणून ठेवतात. मुदलाला हात न लावता उत्पन्नातून मदत करतात. आणि एक छोटी पेटी वेगळी ठेवतात, अडीअडचणीची. कोणाची गाडी बंद पडली, कोणाचे घरभाडे थकले, तर चार दिवसांत मदत. मोठे दातेही मिळतात. मॅकेन्झी स्कॉट नावाच्या बाईंनी २०२० आणि २०२१ साली अशा कॉलेजांना मोठ्या रकमा दिल्या. न्यूयॉर्कच्या एका कम्युनिटी कॉलेजला ३ कोटी डॉलर, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या कॉलेजला ३ कोटी डॉलर. पैसे कशावर खर्च करायचे ते तुम्हीच ठरवा, असे सांगून. पण असा दाता क्वचित भेटतो. बाकीची वर्षे पगारातली कपात आणि गावातली ओळख यांवरच निघतात.

हे ऐकून कोणी म्हणेल, तो श्रीमंत देश, त्यांना जमते. म्हणून आता आपल्या घरी येऊ. कारण ही युक्ती आपल्या मुलखाला नवी नाही. इथून जवळच तिची मुळे आहेत.

दुधगावापासून साताऱ्यापर्यंत

आपल्या मिरज तालुक्यात वारणेकाठी दुधगाव आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ चा, कुंभोजचा. रयत शिक्षण संस्था काढण्याच्या आधी, १९०९-१० च्या सुमारास त्यांनी मित्रांना बरोबर घेऊन दुधगाव शिक्षण मंडळ उभे केले आणि सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालवले. म्हणजे त्या मोठ्या कामाची पहिली तालीम आपल्या शेजारी झाली.

पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळ काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली कारभार साताऱ्यात आला. तिथले वसतिगृह पुढे शाहू बोर्डिंग म्हणून प्रसिद्ध झाले. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, सगळी पोरं एका पंगतीत. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. आणि अशा पंगतीला पैसा देणारा शेठ सहजासहजी मिळत नव्हता.

मग पैसा आला कुठून? मुठीतून. घरातल्या बाईने जात्यावर दळण घालताना किंवा भात शिजवताना एक मूठ धान्य बाजूला काढायचे, ते मडक्यात साठवायचे, आणि बोर्डिंगची पोरं आली की त्यांच्या पोत्यात ओतायचे. याला मुष्टिफंड म्हणत. सुगीत खळ्यावर जाऊन धान्य मागायचे. ज्याच्याकडे नाणे नाही त्याच्याकडेही मूठ असते, हे कर्मवीरांनी ओळखले होते. आणि त्यात आणखी एक गोम होती. ज्या बाईने रोज मूठ टाकली, तिला ते बोर्डिंग आपले वाटू लागले. उद्या तिचेच पोर तिथे जाणार होते. शेठची देणगी एकदा येते आणि संपते. मूठ रोज येते, आणि मुठीबरोबर माणूस येतो.

लक्ष्मीबाईंचे नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा या माउलीने अंगावरचे दागिने एकेक करून दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. त्यांच्या नावाने पुढे शिक्षणोत्तेजक पतपेढी निघाली. उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ मदत घ्यायची आणि नोकरी लागल्यावर फेडायची, म्हणजे तोच पैसा दुसऱ्या पोराला. लक्षात घ्या, मुठीनंतर पतपेढी. दानानंतर फिरता पैसा. कामाला अशी पायरी पायरीने घडण आली.

तिसरी पायरी श्रमाची. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा आणि शिका’ या पद्धतीवर. शेतात, बागेत, बांधकामावर मुलांनी काम करायचे आणि त्यावर शिकायचे. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीदच आहे. फुकट घेतो ही भावना मुलाच्या मनात राहू नये, हा त्यातला हेतू. मदत घेणाऱ्याची मान ताठ राहिली पाहिजे, हे निधी चालवणाऱ्याने कधी विसरू नये.

याच कॉलेजबद्दल एक हकीकत सांगतात. एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, अट एवढीच की कॉलेजचे नाव बदलावे. कर्मवीरांनी रक्कम नाकारली. शिवाजी महाराजांचे नाव विकायला काढलेले नाही, असा त्यांचा बाणा होता.

आणि १९४८ चा धडा तर प्रत्येक संस्थेने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. गांधीहत्येनंतरच्या त्या वातावरणात भाऊरावांच्या परखड बोलण्यावरून सरकारची मर्जी फिरली आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. शेकडो शाळांचा संसार एका सहीने अडला. त्या काळात संस्था तगली ती लोकवर्गणीवर. पुढे गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. एकाच खांबावर छप्पर ठेवू नये, हा त्याचा अर्थ. सरकारचा खांब पाहिजे, दात्याचा पाहिजे, आणि मुठीचाही पाहिजे. आज या संस्थेची चारशेच्या वर हायस्कुले आणि चाळीसच्या वर महाविद्यालये आहेत.

मोठे दाते आणि त्यांचे नाव

मोठ्या देणगीचा मी विरोधक नाही. महर्षी कर्वे दारोदार फिरून चार-चार आण्यांची वर्गणी जमवत. पण महिला विद्यापीठाला बळ आले ते १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले तेव्हा. त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला लागले. त्या नावाखाली किती पिढ्यांच्या मुली शिकल्या!

आपल्या जवळचेच पाहा. विश्रामबागचे वालचंद कॉलेज. १९४७ साली ते न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू झाले. १९५५ साली वालचंद हिराचंद यांच्या नावाच्या देणगीने त्याला आजचे नाव मिळाले. त्याच भागातले विलिंग्डन कॉलेज १९१९ चे, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे. त्याला गव्हर्नरांचे नाव आहे. म्हणजे दात्याचे किंवा अधिकाऱ्याचे नाव देऊन संस्था उभी करणे ही जुनी रीत आहे आणि त्यात वावगे काही नाही. फक्त विचारायचे एवढेच, की देणगीबरोबर अट कोणती येते? नाव लावा, ही अट चालेल. अमक्या जातीच्या पोराला घेऊ नका, आमचाच माणूस कमिटीवर घ्या, ही अट चालणार नाही. कर्मवीरांनी एक देणगी नाकारली, कर्व्यांनी एक घेतली. दोघेही बरोबर होते, कारण संस्था कशासाठी आहे हे दोघांनाही पक्के ठाऊक होते.

शाहू महाराज आणि बाबासाहेब

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहांची जी माळ उभी केली, त्यातली रीतही पाहण्यासारखी आहे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दरबाराने जागा द्यायची, इमारतीला मदत करायची, वर्षासन द्यायचे. आणि ज्या समाजाचे बोर्डिंग त्या समाजाच्या पुढाऱ्यांनीही वर्गणी काढून कारभार पाहायचा. अर्धा हात राजाचा, अर्धा हात समाजाचा. ज्या समाजाजवळ काहीच नव्हते, तिथे महाराजांनी आपला हात जास्त लांब केला.

बाबासाहेबांचे स्वतःचे शिक्षण कशावर झाले? मॅट्रिकनंतर सयाजीराव गायकवाडांनी एल्फिन्स्टन कॉलेजसाठी दरमहा मदत दिली. १९१३ साली बडोदे सरकारने कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. करार लिहून झाला, पण बडोद्यात राहायला साधी खोली मिळाली नाही. जातीमुळे ती नोकरी त्यांना टिकवता आली नाही, हे तुम्ही सगळे जाणता. म्हणजे नुसती शिष्यवृत्ती देऊन भागत नाही. विद्यार्थ्याला राहायला जागा, पाठीशी माणसे आणि सन्मान लागतो. मला वाटते, बाबासाहेबांनी पुढे वसतिगृहांवर एवढा भर दिला त्याचे मूळ या अनुभवात आहे. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि १९२५ साली सोलापुरात सभेचे वसतिगृह सुरू झाले.

मग ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, लष्कराच्या बराकींमध्ये. आणि वर्ग सकाळचे! का? तर नोकरी करणाऱ्या मुलाला दहाच्या आत शिकून कामावर जाता यावे म्हणून. हीसुद्धा मदतच आहे, मित्रांनो. वेळापत्रक बदलून केलेली मदत. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद कॉलेज निघाले. या कॉलेजांसाठी बाबासाहेबांनी सरकारदरबारी खेपा घातल्या, कर्ज उचलले, व्याजाचा घोर सोसला. घटनेच्या कामात, मंत्रिपदाच्या धावपळीत, बिघडलेल्या प्रकृतीत ते या इमारतींचे हिशेब पाहत होते. आपण त्यांच्या पुतळ्याचा हात पाहतो, पुढे दाखवणारा. दुसऱ्या हातात पुस्तक असते. त्या पुस्तकाच्या मागे कर्जाचे कागद होते, हे आपण विसरतो.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग देण्याचा निश्चय करावा असे सांगितले. ते धम्मकार्यासाठी होते. मी ते ओढून शिक्षणाला चिकटवत नाही. पण त्यातले गणित पाहा. शंभरातले पाच. एका शेठकडे सगळे मागितले नाही, सगळ्यांकडे थोडे मागितले.

आपल्याला करायचे काय

आता कुपवाडकडे येतो. १९९८ साली सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका झाली. आपल्याकडे एम.आय.डी.सी. आहे, सांगलीत इंजिनिअरिंग आहे, मिरजेला १९६२ पासून शासकीय मेडिकल कॉलेज आहे, आय.टी.आय. आहे, नर्सिंग आहे. कॉलेजे आपल्या दारात आहेत. प्रश्न पोहोचण्याचा आणि टिकण्याचा आहे. पाळीवर जाणाऱ्या बापाची, घरकाम करणाऱ्या आईची पोरगी नर्सिंगला लागते, आणि गणवेश, पुस्तके, मेसचा आगाऊ महिना इथे अडते. २०१९ च्या महापुरात सांगलीत किती घरांतली वह्या-पुस्तके गेली ते आपण डोळ्यांनी पाहिले. २०२० च्या टाळेबंदीत एका घरात एकच मोबाईल आणि तीन शिकणारी पोरं. अशा वेळी सरकारी फॉर्म भरून चालत नाही. आठ दिवसांत हातावर पैसे लागतात.

माझ्या अनुभवावरून चार-पाच गोष्टी सांगतो. पटल्या तर घ्या.

पहिली. शिक्षणनिधीचे खाते वेगळे ठेवा. जयंतीचा फंड, बांधकामाचा फंड आणि शिक्षणाचा फंड एका डब्यात असले की शिक्षणाचा पैसा मांडवाला जातो. कोणाच्या मनात खोट असते म्हणून नाही, मांडववाला दारात उभा असतो म्हणून. पोरगं दारात उभं राहत नाही, ते लाजतं. न्यासाच्या घटनेत शिक्षणाचा उद्देश लिहिलेला आहे का ते पाहा, नसेल तर धर्मादाय कार्यालयात रीतसर बदल करून घ्या. दरसाल ऑडिट करा. देणाऱ्याला आयकरात सवलत मिळावी म्हणून जी नोंदणी लागते ती चार्टर्ड अकौंटंटला विचारून करून ठेवा.

दुसरी. रक्कम लहान, पण नियमित. समजा शंभर घरांनी दररोज दोन रुपये बाजूला काढले. एका घराचे वर्षाचे ७३० झाले. शंभर घरांचे ७३ हजार. दोन रुपयांत आज चहाचा घोटही मिळत नाही. यातले निम्मे, साडेछत्तीस हजार, त्याच वर्षी मुलांसाठी खर्च करा आणि निम्मे कायम ठेवीत टाका. दहा वर्षांत मुद्दलच ३ लाख ६५ हजार होते. त्यावर सात टक्के व्याज धरले तर वर्षाला साडेपंचवीस हजारांच्या वर उत्पन्न, आणि तेही कोणाकडे हात न पसरता. आपल्या भगिनी बचत गट चालवतात, भिशी चालवतात. हिशेब त्यांना आपल्यापेक्षा चांगला येतो. म्हणून माझी सूचना आहे की वसुली आणि वही त्यांच्याकडे द्यावी.

तिसरी. मदत वेळेवर द्या. तीन जणांची उपसमिती नेमा, त्यात एक शिक्षक आणि एक भगिनी असू द्या, आणि दोन-तीन हजारांपर्यंतचा निर्णय तीन दिवसांत घ्यायचा त्यांना अधिकार द्या. वार्षिक सभेची वाट पाहिली तर परीक्षेची तारीख निघून जाते. शिष्यवृत्ती जमा झाल्यावर ज्याला शक्य आहे त्याने रक्कम परत करावी, म्हणजे पैसा फिरता राहील. पण सक्ती नको.

चौथी. घेणाऱ्याचा सन्मान. मदतीचा चेक देताना स्टेजवर बोलावून, हार घालून, फोटो काढून बोर्डावर लावू नका. गुणवंतांचा सत्कार जरूर करा, पण गरजवंताचे प्रदर्शन करू नका. हिशेब उघडा पाहिजे, नावे झाकली पाहिजेत. इतक्या मुलांना इतकी मदत, एवढे नोटीस बोर्डावर लिहा. त्याने देणाऱ्याचा विश्वास राहतो आणि घेणाऱ्याची लाज राहते.

पाचवी. कारखान्यांकडे जाताना अर्ज नीट लिहून न्या. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात आणि शिक्षण त्यात बसते. पण हे बंधन मोठ्या नफ्याच्या, मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांना आहे. आपल्या एम.आय.डी.सी.तल्या लहान शेडवाल्याला ते लागू नसते. त्याच्याकडून रोख मागण्यापेक्षा दुसरे मागा. सुट्टीत दोन पोरांना काम द्या आणि शिकवा. जुना संगणक द्या. अभ्यासिकेला चार टेबले करून द्या. त्याला ते जमते आणि त्याचे नातेही जुळते.

शेवटी एक अवघड गोष्ट बोलतो. विहाराच्या वरच्या मजल्याचा स्लॅब आधी की हा निधी आधी, अशी चर्चा आपल्यात चालू आहे हे मला ठाऊक आहे. दोन्ही बाजूंची माणसे तळमळीची आहेत. स्लॅब डोळ्यांना दिसतो, त्यावर दात्याची फरशी लावता येते. एका पोरीचा परीक्षेचा फॉर्म भरला तर ते कोणाला दिसत नाही. पण स्लॅब पुढच्या वर्षीही टाकता येतो. पोरीचे बारावीनंतरचे वर्ष पुढच्या वर्षी परत येत नाही. तिचे लग्न झालेले असते. म्हणून माझी विनंती अशी की बांधकामासाठी येणाऱ्या प्रत्येक देणगीतला दहावा हिस्सा आजपासून शिक्षणाच्या खात्यात टाकावा. बांधकाम थोडे सावकाश होईल, थांबणार नाही. आणि वरचा मजला झाला की त्याला सभागृह करण्याआधी अभ्यासिका करा. रात्री अकरापर्यंत दिवा चालू ठेवा. दोन खोल्यांच्या घरात टी.व्ही.च्या आवाजात अभ्यास करणाऱ्या पोराला ती खोली म्हणजे मोठी शिष्यवृत्ती आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगतो. अडचण आली तर खिडकीपासून परत फिरू नका. विचारा. आणि उद्या नोकरी लागली की पहिल्या पगाराची मिठाई वाटाल तेव्हा एक पावती इथे फाडा. ज्या निधीला जुने विद्यार्थी देतात तो निधी कधी आटत नाही.

ठराव होतील तेव्हा होतील. खजिनदारांना माझी विनंती आहे की शिक्षणनिधीचे पावतीपुस्तक आज कार्यक्रम संपण्याआधी टेबलावर यावे. वर्षाचे ७३० रुपये मी बरोबर आणले आहेत, पहिली पावती माझ्या नावाची करावी. माझ्या मागे किती माणसे रांगेत उभी राहतात ते आपण चहा घेता घेता पाहू.



जयभीम! नमो बुद्धाय!